अप्पांच्या नावाचा नंबर

मित्रांनो, थकलेल्या यंत्राचं बोलणं ऐकायला सवड असेल तर जरा थांबा. मी एक जुना मोडेम आहे. शाहूपुरीत स्वामींच्या घरी, लोखंडी कपाटाच्या वर, बंद पडलेल्या रेडिओशेजारी पडून असतो. माझे दिवे केव्हाच विझले. आता बोलायचं ते एवढ्यासाठी की एक गोष्ट वेळेवर सांगता आली नाही, ती अजून मनातून जात नाही.

कुठल्याशा कारखान्यात माझा जन्म झाला. पांढरं कवच, पाठीला छोटासा अँटेना, पुढे चार हिरवे दिवे. २००८ सालच्या जूनमध्ये टेलिफोन कंपनीच्या माणसाने मला रुद्रय्या स्वामींच्या बैठकीत भिंतीवर ठोकलं. रुद्रय्यांना सगळी गल्ली अप्पा म्हणते. त्यांचं बारदानाचं दुकान, म्हणजे गुळाच्या ढेपा नि धान्य बांधायला लागणाऱ्या पोत्यांचं. घरात त्यांच्या पत्नी शांतादेवी आणि मुलगी पवित्रा. पवित्रा एका शाळेत मुलांना संगणक शिकवायची आणि त्या नोकरीवर तिचा भारी जीव होता. मला आणलं ते तिच्यासाठी.

माझं काम तसं साधं. घरातून इंटरनेटवर जायचं तर घराला एक नंबर लागतो, त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. तो मला कंपनी उसना द्यायची. मला बंद करून पुन्हा चालू केलं की बहुधा दुसराच मिळायचा. घरात कितीही संगणक असोत, बाहेरच्या जगाला तो एकच नंबर दिसायचा. आत कोणत्या संगणकाने काय मागवलं ते माझं मला ठाऊक. प्रत्येकाला मी आतला वेगळा नंबर द्यायचो, त्याचं नाव नि वेळ यादीत ठेवायचो आणि आलेली गोष्ट ज्याची त्याच्या हाती द्यायचो.

एकदा पवित्राने अप्पांना एक पान उघडून दाखवलं. नंबर पाहून माणूस कुठल्या गावचा, याचा ते पान अंदाज सांगायचं. पानावर आलं, पुणे. अप्पांना ते फार लागलं.

"आम्ही पुण्याचं? डोळं फुटल्यात काय त्येचं?"

पवित्राला हसू आवरेना. "अप्पा, नुसत्या नंबरावरनं दार कळत न्हाय. गाव बी चुकतंय बघा. नंबर कवा कुणाकडं हुता, ते फकस्त कंपनीला ठाव असतंय."

"मग बरं हाय की," अप्पा म्हणाले. पोलिसांनी विचारलं तर कंपनी ते सांगते, हे काही त्या दिवशी निघालं नाही.

मला बसवणाऱ्या माणसाने पासवर्ड काय ठेवू म्हणून विचारलं होतं. अप्पांनी हातच जोडले. लिंगायत घरात दासोह मोठा. दारात आलेल्याच्या पानात आधी वाढायचं, मग आपण जेवायचं. "आमच्यात दारातल्या माणसाला परत धाडत न्हाईत," अप्पा म्हणाले. "त्येला कुलूप कशापायी?" पवित्रा दोनदा भांडली आणि मग दमली. मी उघडाच राहिलो.

मग काय विचारता! घरापुढच्या दगडी कट्ट्यावर माणसं येऊन बसू लागली. कुणी निकाल पाही, कुणी रेल्वेचं तिकीट. "अप्पांचं नेट लई दांडगं," असं येणारा-जाणारा म्हणे आणि भिंतीवर मी उगाच फुगायचो. रोजचा पाहुणा म्हणजे कोपऱ्यावरचा बाळासो. त्याचं संगणक विकण्याचं दुकान होतं, पण तिथलं नेट सारखं बंद. तो आपला लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला की शांतादेवी न विचारता चहा पाठवायच्या. त्याच्या लॅपटॉपला त्याने दुकानाचंच नाव दिलेलं होतं आणि माझ्या यादीत ते नाव रोज यायचं.

सोळा ऑगस्टला शनिवार होता. अप्पा आणि शांतादेवी बिद्रीला बारशाला गेले होते. पवित्रा तापाने फणफणून आत झोपली होती. संध्याकाळी कट्ट्यावर बाळासो एकटा होता. सहा वाजून बारा मिनिटांनी त्याने काहीतरी पाठवलं आणि मी ते इमानाने पोचवलं. त्यात काय आहे हे मला कळत नाही. पाकीट कुणाकडून आलं नि कुठे जायचं, इतकंच मी पाहतो.

अकरा दिवसांनी दुपारी दारात हवालदार उभा राहिला. हातात एक कागद.

"रुद्रय्या स्वामी कोण हाय?"

"मीच. या पावणं, आत या. बसा."

"बसाय न्हाय आलो. तुमच्या शाळेच्या बाईंवर, म्हंजी पोरगी शिकवती तिथल्या मुख्याध्यापिकांवर, कुणीतरी खोट्या नावानं घाण लिवलंय. सोळा तारीख, सहा बारा. नंबर तुमच्या नावाव हाय."

अप्पांचा चेहरा उतरला. "आम्ही तर बिद्रीला गेलतो, सायेब."

"मग घरात कोण हुतं?"

अप्पांची नजर पवित्राच्या संगणकाकडे गेली. त्या एका नजरेने पवित्राचं नाव जास्तच ठळक झालं. हवालदार म्हणाला, "उद्या आमचं सायेब ह्यो डबा बघाय येणार हाईत," आणि गेला.

आता कळलं मला, त्या सहा बाराला मी काय पोचवलं ते. त्या मिनिटाला एकच संगणक जागा होता आणि त्याचं नाव माझ्या यादीत होतं. शाळेला संगणक पुरवायचं काम मुख्याध्यापिकांनी सोळा तारखेच्याच आठवड्यात बाळासोला नाकारलं होतं, हे गल्लीला माहीत होतं. आपल्या लिहिण्याने अप्पांचं घर सापडेल, असं बहुधा त्याच्या मनातही आलं नसेल. पण यादी होती. माझी वीज तुटली की ती पुसली जाते. वीज गेली तरी अप्पांच्या इन्व्हर्टरवर मी चालू राहायचो, म्हणून ती अकरा दिवस टिकली होती. एक रात्र निघाली की झालं, असं मी स्वतःला समजावत होतो.

संध्याकाळी अप्पा माझ्याजवळ आले. हातात ओलं फडकं. "उद्या सायेब येणार. एवढी धूळ घेऊन कसा ऱ्हाशील त्यांच्या म्होरं?" असं पुटपुटत त्यांनी माझी वायर उपसली. पाहुणा येणार म्हटल्यावर घर पुसायचं, हे त्यांच्या हाताला पासष्ट वर्षांचं वळण. त्यांनी मला मांडीवर घेऊन कडेकपारी पुसल्या. फार मायेने पुसल्या. मला ओरडावंसं वाटत होतं, पण मला कुठला आवाज! वायर निघाली आणि यादी गेली.

तेवढ्यात पवित्रा शाळेतून धापा टाकत आली. तिथे तिची दिवसभर चौकशी झाली होती, पण डोळ्यांत आशा होती. "अप्पा, मोडेममदी यादी असती! कुणी लिवलं ते उद्या..." आणि तिने अप्पांच्या मांडीकडे पाहिलं.

"अप्पा, हे काय केलासा?"

अप्पांना कळेना. तिने समजावून सांगितलं. मग त्यांना कळलं आणि हातातलं फडकं तसंच राहिलं.

साहेब आले, पाहून गेले. पुरावा नाही म्हणून पोलिसांनी पवित्राला काही केलं नाही. शाळेने मात्र संगणकखोलीची किल्ली मागून घेतली आणि दिवाळीनंतर येऊ नका म्हणून सांगितलं. आता ती रोज सकाळच्या एसटीने कागलला जाते, दुसऱ्या शाळेत. तिथे संगणक नाहीत. ती गणित शिकवते.

त्या दिवाळीत अप्पांनी तिला माझ्यापुढे आणलं. "पासवर्ड घाल बाळ. आन् मला सांगू नगंस. मला कळला तर मी कुणाला तरी दीन." मित्रांनो, माणसाला आपल्याच चांगुलपणाची भीती वाटावी, हे मी त्या दिवशी पाहिलं. म्हणून विनवतो, तुमच्या घरच्या मोडेमला पासवर्ड घाला. पाण्याचा तांब्या कुणाला दिला तर तो तिथेच रिता होतो. माझ्यातून जाणारी प्रत्येक गोष्ट तुमच्या घराचा नंबर घेऊन जाते, आणि विचारायला येणारा तुमच्याच दारात येतो.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर बाळासो आला.

"अप्पा, नेट लागंना की आज. पासवर्ड काय ठेवलासा?"

"मला ठाव न्हाय," अप्पा म्हणाले. खरंच होतं ते. मग आत वळून त्यांनी हाक दिली, "अगं, चा आण."

चहा आला. बाळासोने तो सावकाश प्यायला आणि पवित्राचं फार वाईट झालं म्हणाला. अप्पांनी मान हलवली. भिंतीवर माझ्या यादीत त्या दिवशी एकच नाव होतं, पवित्राचं.