राइमोचा शिक्का

"इंजिनाचा पट्टा बदलायचा की नाही, तेवढं सांगा. म्हणजे मी मुलांच्या पिशव्या भरायला मोकळी," हेन्ना म्हणाली आणि गाडीचे सर्व्हिस-बुक तिने राइमोपुढे धरले.

राइमो ओयाकांगासने आधी हात पुसले, मग चष्मा पुसला. हेन्नाने पान उघडूनच आणले होते. टायमिंग बेल्ट बदलला. एक लाख बारा हजार किलोमीटर. बारा ऑक्टोबर दोन हजार सतरा. खाली त्याच्याच गॅरेजचा निळा शिक्का आणि त्याचीच तिरपी सही.

तारीख त्याने पुन्हा एकदा वाचली.

"पुस्तकात तर बदललेला आहे," तो म्हणाला. खरे तर हे उत्तरच नव्हते. पण हेन्नाला ते उत्तर वाटले. ती समाधानाने हसली आणि बाकीचे सांगू लागली. त्यांच्या ख्रिस्ती मंडळीचा उन्हाळी मेळावा उद्या सुरू होतोय. तिचा नवरा तुओमास नॉर्वेतल्या बोगद्याच्या कामावरून परस्पर तिकडे पोचणार. म्हणजे सात मुलांना घेऊन सव्वाचारशे किलोमीटर तिला एकटीलाच चालवत न्यायचे आहे. पहाटे पाचला निघायचे, धाकटा जागा व्हायच्या आत निम्मा रस्ता मागे टाकायचा. ही नऊ जणांची गाडी त्यांनी मागच्या हिवाळ्यात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून घेतली होती. सोळा वर्षांची गाडी, एक लाख अठ्ठ्याण्णव हजार किलोमीटर धावलेली. आज तेल बदलायचे, एक दिवा नवा बसवायचा, आणि तुओमासने फोनवर बजावले होते म्हणून पट्ट्याचे तेवढे विचारायचे.

तिचे बोलणे राइमोच्या कानावर पडत होते, पण मन त्या तारखेत अडकले होते. बारा ऑक्टोबरला सकाळी साडेनऊला शाळेच्या स्वयंपाकघरातून फोन आला होता. काइसू, त्याची बायको, तिथे स्वयंपाकीण होती. मुलांची लापशी ढवळता ढवळता ती कोसळली होती. हातातले काम टाकून तो तसाच धावला. तिसऱ्या दिवशी औलू शहरातल्या इस्पितळात ती गेली. त्यानंतर महिनाभर गॅरेजचे दार त्याने उघडले नव्हते. दुरुस्तीला आलेल्या गाड्या त्याच्या भावाने, आर्नेने, ज्याच्या त्याला देऊन टाकल्या होत्या. पुस्तकावर शिक्का दिसला की काम झाले, असे समजून.

शिक्का तर होताच. कारण राइमो शिक्का आधी मारत असे.

ही त्याची जुनी सवय होती. सकाळी कॉफी घेताना, हात धुतलेले असताना, दिवसभराच्या कामांची पुस्तके तो आधीच भरून ठेवी. संध्याकाळी बोटे काळी होत आणि पानांवर डाग पडत. लोकांची पुस्तके स्वच्छ राहावीत, एवढाच त्याचा हेतू. एकदा लिहिले की ते काम करायचेच, हा त्याचा स्वतःशी नेम होता. एकोणचाळीस वर्षे तो त्याने पाळला होता. निदान पाळला आहे, असे तो समजत होता.

त्याने हेन्नाला सांगितले की लांबचा प्रवास आहे, झाकण काढून एकदा बघतो.

"स्वतःच्याच कामाची तपासणी?" हेन्ना हसली. "बघा बाई. सापडली एखादी चूक, तर रविवारच्या शाळेत कोपऱ्यात उभं करीन. तुम्ही तिथे शिकवायचात तेव्हा मला दोनदा केलंय."

कॉफीच्या टेबलाशी बसून तिने विणकाम काढले. राइमोने वेलचीच्या पावाची बशी तिच्यापुढे सरकवली आणि तो गाडीकडे वळला. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाबारा झाले होते. औलूहून निघणारी बस एक वाजता सुटे, आणि तिच्यातून सुटे भाग इकडे येत. आजची ती शेवटची. पट्टा हवा असेल तर एकच्या आत फोन करायला हवा होता.

वरचे झाकण काढायला वीस मिनिटे गेली. एक बोल्ट गंजून बसला होता. तो जोर लावून उघडताना राइमोच्या मनात आले, हा आठ वर्षांपूर्वी कुणी उघडला असता तर इतका गंजला असता का? पण या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात. दोन वर्षांतही गंजतो. मनाला पळवाट हवी असली की मीठसुद्धा पुरते.

पट्टा दिसला. काळा, कोरडा, वरून धड. कडेला थोडे तंतू निघालेले. छापील अक्षरे पुसून गेलेली. आठ वर्षांचा म्हणावा तर आठ वर्षांचा, सोळा म्हणावा तर सोळाचा. वरून पाहून खरे वय कळत नाही, हाच या पट्ट्याचा धोका. तुटतो तेव्हा आवाजही करत नाही. इंजिन चालता चालता मरते, स्टिअरिंग जड होते, ब्रेक दगडासारखा बसतो, आणि मागे लाकडाचे ओंडके लादलेला ट्रक असतो.

राइमोने वाकून बोट पट्ट्यावर ठेवले आणि तेव्हाच त्याला ते खोके आठवले.

काइसूला पुरून महिन्याने त्याने गॅरेज उघडले, तेव्हा फळीवर नव्या पट्ट्याचे एक खोके होते. न फोडलेले. दुकानदाराने चुकून जास्तीचे पाठवले, असे त्याला तेव्हा वाटले होते. नाताळच्या आधी ते त्याने दुसऱ्याच कुणाच्या गाडीला वापरून टाकले. त्या दिवसांत त्याला स्वतःच्या बुटांची जोडी सापडत नव्हती, खोक्याचा विचार कोण करणार.

तो सरळ उभा राहिला. बाराला पन्नास झाले होते. हेन्नाचे ओठ टाके मोजत हलत होते.

खरे सांगायचे तर सोपी वाट समोरच होती, आणि राइमोने आधी तीच धरली. हात पुसत तो टेबलाशी आला आणि म्हणाला की पट्टा बदलून टाकू, माझ्यातर्फे, मेळाव्याची भेट समज. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

हेन्नाने सुया खाली ठेवल्या. उगाच कशाला, म्हणाली. पुस्तकात दहा वर्षांची मुदत लिहिली आहे, आठही झालेली नाहीत. तुमचा अख्खा दिवस जाईल. मग तिने जे सांगितले, ते तिने प्रेमानेच सांगितले:

"राइमो, ही गाडी घेताना तुओमासनं इंजिन बघितलंच नाही. तुमचा शिक्का बघितला. म्हणाला, हा माणूस खोटं लिहीत नाही. आता तुम्हीच त्या शिक्क्यावर शंका घ्यायला लागलात, तर आम्ही बघायचं कुणाकडे?"

बाराला त्रेपन्न. बाहेर शेजाऱ्याचा ट्रॅक्टर जात होता. हेन्ना पुन्हा टाके मोजायला लागली होती. आता नुसते गप्प राहिले तरी पुरले असते. पट्टा कदाचित उद्या टिकलाही असता, परवाही टिकला असता. देव कुणाला कशातून तारून नेतो, ते माणसाला कळत नाही. पण देवाच्या भरवशावर दुसऱ्याची सात मुले रस्त्यावर सोडायची, याला श्रद्धा म्हणत नाहीत, एवढे त्याला कळत होते.

"हेन्ना, तो पट्टा मी बदललेला नाही," तो म्हणाला. "शिक्का आधी मारला. मग काइसूचा फोन आला. काम राहून गेलं."

तिला समजायला क्षणभर वेळ लागला. समजले तेव्हा तिने खिडकीतून गाडीकडे पाहिले. जानेवारीपासून त्या गाडीतून ती रोज मुलांना शाळेत सोडत होती. उणे तीस अंशांत, काळोखात, घसरड्या रस्त्यावरून. तिचा चेहरा हळूहळू पांढरा होत गेला.

"फोन करा आधी," एवढेच ती म्हणाली.

त्याने केला. बाराला अठ्ठावन्न झाले होते. पलीकडच्या मुलीने धावत जाऊन खोके बसमध्ये टाकले आणि टाकल्याचे कळवले.

मग दोन तास थांबणे आले. हेन्नाने आईला फोन करून मुले संध्याकाळपर्यंत ठेवून घ्यायला सांगितले. पावाला तिने हात लावला नाही. बऱ्याच वेळाने तिने विचारले, असे आधी मारलेले शिक्के किती पुस्तकांवर आहेत.

"सगळ्यांवर. माझी पद्धतच ती. पण काम राहिलं ते त्या एकाच दिवशी."

"कशावरून?"

गावातल्या निम्म्या गाड्या राइमोच्या शिक्क्यावर धावत होत्या. त्या आठवड्यात त्याच्याकडे आणखी कुणाच्या गाड्या होत्या, हेही त्याला आता आठवेना.

त्यांच्या मंडळीत एक रीत आहे. चुकलेल्याने समोरच्या माणसापाशी कबूल करावे आणि ऐकणाऱ्याने देवाच्या नावाने क्षमा द्यावी. त्याला पाद्री लागत नाही, वेदी लागत नाही. नाही म्हणायची सोय मात्र नसते. लहानपणी हेन्नाला हे राइमोनेच शिकवले होते. आज तो तिच्यासमोर टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि त्याने क्षमा मागितली.

हेन्नाने डोळे मिटले. शब्द तिने एकही गाळला नाही. "येशूच्या नावानं आणि रक्तानं तुमचं सगळं पाप क्षमा झालं, यावर विश्वास ठेवा." त्याचा हात तिने दोन्ही हातांत धरला. ती मनापासून म्हणत होती. राइमोला ते जाणवले आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आले.

तीन वाजून दहा मिनिटांनी खोके आले. कामाला चार तास लागणार होते. उन्हाळ्यातला दिवस, उजेडाला तोटा नव्हता. राइमोने चाक काढले, इंजिनाला आधार दिला, जुना पट्टा सोडवून बाहेर घेतला आणि उलटा वाकवला. दातांच्या मुळाशी भेगाच भेगा होत्या. तिने न विचारताच त्याने तो तिच्या हातात दिला. हेन्नाने अंगठ्याने दाबून पाहिले. एक दात सुटून तिच्या तळव्यावर पडला.

राइमोला वाटले, आता ती जाऊन खुर्चीत बसेल, विणकाम हातात घेईल. गावातले लोक तसेच करत. किल्ली देत, हवापाण्याच्या दोन गोष्टी करत आणि निघून जात. इतक्या वर्षांत त्याच्या हाताकडे पाहत कुणी उभे राहिले नव्हते.

हेन्ना गेली नाही. पट्टा बाकावर ठेवून ती गाडीच्या पुढच्या कोपऱ्याशी आली आणि हाताची घडी घालून उभी राहिली. क्षमा तिने केलेली होती, ती काही परत घेतली नव्हती. पण तिची नजर त्याच्या बोटांवरून हलत नव्हती.

राइमोने नव्या पट्ट्याचे खोके तिच्यासमोर फोडले. वाकण्याआधी त्याने टांगता दिवा थोडा फिरवून तिच्या बाजूला केला, आणि आपली सावली कामावर पडू नये म्हणून तो एक पाऊल डावीकडे सरकून उभा राहिला.