पोटावर डाग नाही

मी नर्स, पण माझा वॉर्ड म्हणजे एक टेबल, एक हेडफोन आणि पडद्यावरची माणसं. कॅन्सरचं ऑपरेशन होऊन घरी गेलेल्यांच्या रक्तात गाठ होऊ नये म्हणून रोज पोटावर रक्त पातळ करणारं इंजेक्शन घ्यावं लागतं. ते द्यायचं घरच्यांनी, विचारपूस करायची मी. काही लोक कुरकुर करतात, काही गोड बोलतात. कुरकुरणारे परवडले.

शिंपीकाका सगळ्यांत गोड. काकूंच्या आतड्याचं ऑपरेशन झालेलं. मी व्हिडिओ कॉल केला की काका म्हणायचे, सगळं वेळेवर चाललंय, आणि वापरलेल्या सुयांचा डबा कॅमेऱ्यासमोर धरायचे. जन्मभर सुई धरलेल्या माणसाला मी काय शिकवणार, असं मी धरून चालले होते.

त्या दिवशी टाके बघायचे म्हणून काकूंना पोट दाखवायला सांगितलं. जखम छान सुकली होती. पण बाकी पोट कोरं होतं. हे इंजेक्शन कितीही हलक्या हाताने दिलं तरी कुठे ना कुठे निळा डाग पडतोच. इथे एकही नव्हता.

"काका, इंजेक्शन नक्की कुठे देता?"

बोलल्या त्या काकू. पहिल्याच दिवशी सुई हातात घेतल्यावर काकांना रडू कोसळलं होतं. तेव्हापासून ते औषध टाचण्यांच्या उशीत सोडत होते, आणि काकूंनी ते खुशाल चालवून घेतलं होतं.

मग माझं तोंड सुटलं. पायात गाठ झाली आणि ती फुप्फुसात गेली तर हाक मारायलाही वेळ मिळायचा नाही, हे आडपडदा न ठेवता सांगितलं. दोन्ही पोटऱ्या दाखवायला लावल्या. सूज नव्हती, दमही लागत नव्हता. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आजचं इंजेक्शन आत्ता द्या आणि पायांच्या सोनोग्राफीसाठी लगेच घेऊन या.

मी काकूंना विचारलं, तुम्ही तरी गप्प का बसलात?

"हे रडायला लागले की वाटतं, मी आता चाललेच," त्या म्हणाल्या. "सुई नसली की घर पहिल्यासारखं वाटतं."

माझा राग तिथेच ओसरला. मरणाच्या धास्तीने ही दोघं मरणालाच जवळ आणत होती, आणि मला त्यांची फार कणव आली.

काकांनी हात धुतले. मी सांगत गेले: टाक्यांपासून लांब, बेंबीपासून लांब, कातडी चिमटीत धरा, सुई सरळ आत. काका रडतच होते, पण डोळे पुसायला हात रिकामा नव्हता. सुई आत गेली. काकूंनी ओठ घट्ट मिटले.

"दुखलं का गं?"

"दुखलं." काकूंनी हात लांब करून त्यांचे गाल पुसले. "उद्या परत द्या."