बेल्तानीला पाणी

माझी थोरली मेहुणी सुनंदाताई. त्यांनी आयुष्यभर जिचा अभ्यास केला ती भाषा जगात कुणाचीच मातृभाषा नाही. अक्कादी तिचं नाव. इराकमध्ये, बाबिलोनच्या बाजूला कधीकाळी बोलली जायची. ओल्या मातीच्या पाट्यांवर बोरूने पाचरीसारख्या खुणा दाबून लिहायचे. हिब्रू, अरबी, अरामी या सगळ्या तिच्याच कुळातल्या, सेमिटिक भाषा. सुनंदाताईंना त्याही येतात, पण जीव अडकलेला अक्कादीत. जर्मनीला जाऊन शिकल्या, परत येऊन विद्यापीठात शिकवलं. वर्गात कधी तीन पोरं, कधी एक. त्या रिटायर झाल्या आणि विषयच बंद झाला. लग्न केलं नाही. घाटकोपरला पंतनगरमध्ये एकट्याच राहतात.

मी ट्रॉम्बेला उपकरणं दुरुस्त करण्यात नोकरी काढलेला माणूस. मला त्यांच्या कामातलं एवढंच कळायचं की त्या फार कडक होत्या. पाटी फुटलेली असली की इतर विद्वान चौकटी कंस टाकतात आणि आत आपला अंदाज भरतात. ताई कंस मोकळा ठेवायच्या. "जे दिसत नाही ते मी लिहिणार नाही," म्हणायच्या. जर्मनीतल्या एका म्युझियममधल्या तळहाताएवढ्या पाटीवर त्यांची हयात गेली. मेलेल्या बाईला पाणी देण्याचा विधी होता तो. खालचा कोपरा फुटलेला, त्यामुळे शेवटच्या ओळी नाहीत, आणि जिच्यासाठी विधी करायचा तिचं नावही नाही.

मार्चमध्ये माझी बायको रेवती, म्हणजे ताईंची धाकटी बहीण, ओट्यापाशी उभी असताना कोसळली. मेंदूत रक्ताची गुठळी. आयसीयूत एकेकालाच आत सोडायचे. ताई आत गेल्या तेव्हा मी काचेतून बघत होतो. रेवतीच्या उशाशी वाकून त्या काहीतरी पुटपुटत होत्या. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय म्हणत होतात?"

"मला एकही स्तोत्र येत नाही हो, यज्ञेश," त्या म्हणाल्या. "जे पाठ होतं ते म्हटलं. पाटीवरचं."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट बरं वाटलं.

रेवती वाचली. घरी आणली तेव्हा उजवा हात लुळा होता आणि वाचा गेलेली. आमचं घर मुलुंड पूर्वेला, मिठागर रोडला. तिचा पलंग मी खिडकीशी लावला. बाहेर मिठागरं. उन्हात पांढरी सपाट जमीन आणि मध्येमध्ये पाण्याचे चौकोन. ती दिवसभर तिकडे बघत पडायची. तिचं करायला मालवणकडची सुगंधा नावाची बाई ठेवली होती. वाचेच्या व्यायामासाठी अस्मिता नावाची मुलगी यायची, चित्रांची कार्डं घेऊन. केळं, छत्री, घड्याळ. रेवती कार्डांकडे बघायचीच नाही.

एका दुपारी सुगंधा धावत बाहेर आली. "काका, काकू बोलतत! पण शेळीसारख्या मे मे करतत."

मी आत गेलो. रेवती माझ्याकडे बघून स्पष्ट म्हणाली, "मे. मे इदनी."

मला इतका आनंद झाला की मी लगेच ताईंना फोन लावून रेवतीच्या तोंडापाशी धरला. तिने पुन्हा तेच म्हटलं.  

"यज्ञेश," ताई म्हणाल्या, "तिला पाणी द्या. ती पाणी मागतेय."

मी पेला तिच्या ओठांना लावला. ती सगळा प्यायली. मग दुसरा. मग म्हणाली, "मे."

ताई संध्याकाळी रिक्षाने आल्या. रेवतीशी त्या अक्कादीत बोलल्या, ती त्यांना उत्तर देत होती, आणि मी दाराशी उभा राहून माझ्याच बायकोचं बोलणं ऐकत होतो, एक अक्षर न कळता. आवाजही तिचा वाटेना. जरा खालच्या पट्टीतला, जून.

"लहानपणी आमची खोली एक होती," ताई मला चहा घेताना म्हणाल्या. "कॉलेजात असताना मी क्रियापदं मोठ्याने घोकायचे. ही वैतागायची. ते सगळं कुठेतरी राहिलं असणार डोक्यात."

डॉक्टरही तेच म्हणाले. मेंदूत एक भाषा बंद झाली की कधी दुसरी उघडते. मला पटलं. मशिन बिघडलं की असं होतं, नको ते चॅनेल लागतं.

ताई रोज यायला लागल्या. मी त्यांना इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं. केस विंचरून, चांगली साडी नेसून यायच्या. एकदा मला म्हणाल्या, "आयुष्यभर मी या भाषेशी बोलले हो. तिने कधी ओ दिली नव्हती." अस्मिता कार्डं घेऊन आली की त्या खुर्चीत चुळबुळत बसायच्या, ती कधी जाते याची वाट बघत. मी एकदा म्हटलं, "ताई, तिच्याशी मराठीतच बोला ना. मराठी परत यायला हवी तिची."

"येईल की. आत्ता जे येतंय ते येऊ द्या," त्या म्हणाल्या आणि पुन्हा आत गेल्या.

पण मग ताई जराशा गप्प व्हायला लागल्या. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "ती तहान लागली म्हणते तो शब्द मी आयुष्यभर 'सामाकू' असा म्हणत आले. माझ्या गुरूंनी तसंच शिकवलं. ही 'चामाकू' म्हणते. आपल्या चमच्यातला च. अलीकडे काही विद्वानांना वाटायला लागलंय की मूळ उच्चार तसाच होता. पण हे ती माझ्याकडून कुठून ऐकणार?"

"मराठी जीभ आहे तिची," मी म्हटलं. "वळली असेल तशी."

"असेल," ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सुगंधा परातीतला कणकेचा गोळा घेऊनच माझ्यासमोर आली. तिने कणीक मळून रेवतीच्या पलंगापाशी स्टुलावर ठेवली होती आणि दूध उतू जातंय म्हणून आत गेली होती. परत आली तर गोळ्यावर खुणा. चमच्याच्या टोकाने दाबलेल्या, बारीक, तिरक्या, ओळीत बसलेल्या. "काका, माका भेव वाटता," ती म्हणाली. "काकूंनी ह्या उजव्या हातान केलानी. मी बघलंय."

मी आत जाऊन रेवतीचा उजवा हात उचलला. तो नेहमीसारखा लुळा, जड होता. नखांत कणीक होती.

ताई आल्यावर मी त्यांना गोळा दाखवला. त्या खिडकीच्या उजेडात घेऊन गेल्या. वाचायला त्यांना वेळ लागला नाही.

"बेल्तानी," त्या म्हणाल्या. "बाईचं नाव आहे."

"कुठली बाई?"

"मी तिला काल विचारलं होतं, तू कोण? तेव्हा तिने सांगितलं नव्हतं." त्यांनी गोळा खाली ठेवला. "यज्ञेश, रेवती कधी काही लिहायला शिकली नाही हो माझ्याकडून. माझी वहीसुद्धा उघडली नाही तिने कधी."

तोवर रेवती दिवसाला किती पाणी पीत होती याचा आम्ही विचारच केला नव्हता. मागितलं की देत होतो. एका सकाळी ती गुंगीतून उठेना म्हणून डॉक्टरांना बोलावलं, रक्त तपासलं. शरीरातलं मीठ धोक्याइतकं उतरलं होतं. "पाणी मोजून द्या," डॉक्टर म्हणाले, "नाहीतर जातील त्या." सलाईन लावल्यावर ती शुद्धीवर आली. पण पाणी नाही म्हटल्यावर जे ओरडायला लागली ते थांबेना. इतकं पाणी पिऊनही तिचे ओठ मात्र फुटले होते, उन्हात पडलेल्या चिखलासारखे. आणि ती ओरडत होती, चामाकू, चामाकू. बाहेर ती पांढरी मिठागरं चमकत होती. मी जाऊन पडदा ओढून घेतला.

ताई आल्या तेव्हा मी त्यांना आत सोडलं नाही. हॉलमध्येच उभं केलं. "ताई, मला माझी बायको परत पाहिजे," मी म्हटलं. "तुमच्या भाषेची हौस पुरे झाली. आजपासून तिच्याशी एक शब्द बोलायचा नाही त्या भाषेत."

मला वाटलं त्या चिडतील. त्या सोफ्यावर बसल्या आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"मी बोलायचं बंद केलं तर ती बेल्तानी जाईल असं वाटतं तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "मीच तिला बोलावलं, यज्ञेश."

मग त्यांनी मला समजावलं. पाटीवरच्या शेवटच्या वाचता येणाऱ्या शब्दात मेलेल्या बाईला काहीतरी सांगितलेलं आहे. अक्कादीत बाईला 'जा' म्हणायचं तर 'अल्की'. 'ये' म्हणायचं तर 'अल्कीम'. फरक फक्त शेवटच्या म् चा. पाटी नेमकी तिथे फुटलेली. कुणालाच माहीत नाही शब्द 'ये' होता की 'जा'. छापताना ताईंनी कंस मोकळा ठेवला होता. पण आयसीयूत, पुटपुटताना, तोंडाला काहीतरी म्हणावं लागलं.

"मी 'ये' म्हटलं," त्या म्हणाल्या. "रेवतीला म्हणत होते हो मी. परत ये म्हणून. आणि तिथेच थांबले, कारण पुढचं फुटलंय. तो विधी पाहुणी बोलवायचा नसणारच. पाणी पाजून वाटेला लावायचा असणार."

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तेव्हाही नव्हता. पण आत ती ओरडत होती. मी विचारलं, "मग आता वाटेला कसं लावायचं? पुढचं तर कुणालाच येत नाही."

"मी रचीन," ताई म्हणाल्या. आयुष्यभर एक कंस न भरलेली ती बाई हे म्हणाली.

त्याच दुपारी केलं. ताईंनी तांब्याभर पाणी आणि एक ताट पलंगापाशी ठेवलं. मला रेवतीचा उजवा हात धरून बसायला सांगितलं. "तुम्ही तिला हाका मारत राहा. मराठीत. काहीही बोला, पण थांबू नका."

ताईंनी म्हणायला सुरुवात केली आणि ताटात धार धरली. रेवतीची नजर पाण्यावर खिळली. मी म्हणत होतो, रेवती, अगं रेवती, आणि पुढे काय बोलावं सुचेना, म्हणून सांगत गेलो की कुकरची शिट्टी बिघडलीय, वरच्या मजल्यावरच्या अंबादासने पुन्हा तुळशीवर पाणी सांडलं, तुझी अबोली फुललीय. मध्येच ताईंचा आवाज बदलला. शिकवणाऱ्या बाईंचा आवाज गेला, विनवणाऱ्या बाईचा आला. मला कळलं की आता फुटलेल्या कोपऱ्यापलीकडचं चाललंय.

रेवती मध्येच बोलली. त्या जून आवाजात, एक लांबलचक वाक्य, ताईंना उद्देशून. ताई अडखळल्या. धार तुटली. त्या तिच्याकडे बघत राहिल्या. मी ओरडलो, "ताई!" तेव्हा त्यांनी तिला हळू आवाजात दोन-तीन शब्दांत उत्तर दिलं. मग उरलेलं पाणी ओतलं आणि म्हणाल्या, "अल्की." ओठ उघडेच ठेवून. म् लागू नये म्हणून.

माझ्या हातातली रेवतीची बोटं आवळली गेली. इतकी घट्ट, की अंगठी रुतली मला. मग सुटली. ती रडत होती, पण आवाज न करता.

ताईंनी रिकामा तांब्या खाली ठेवला. मग पलंगावरून आवाज आला, बोबडा, अर्धवट, पण तिचाच.

"अहो," रेवती म्हणाली. "पंखा. गार लागतंय."

त्यानंतर ती अक्कादीतलं काही बोलली नाही. अस्मिताच्या कार्डांनी मराठी हळूहळू परत आली. हात अजून पुरता आला नाही, पण चहाचा कप धरते. मधल्या दिवसांचं तिला काही आठवत नाही. फक्त एकदा म्हणाली, "मी कुठेतरी बसले होते हो. धूळ होती खूप. तुम्ही अंबादासबद्दल काहीतरी बडबडत होतात."

ताई बरेच दिवस आल्या नाहीत. पावसाळ्यानंतर एका रविवारी आल्या, तेव्हा मी विचारलं की त्या दिवशी रेवती मध्येच काय म्हणाली आणि तुम्ही काय उत्तर दिलंत.

"ती म्हणाली, मी जाते, पण माझं नाव कोण घेणार? नाव घेणारं कुणी उरलं नाही की मेलेल्यांना तहान लागते, असं मानायचे ते लोक." ताई खिडकीबाहेर बघत होत्या. "मी म्हटलं, मी घेईन. आणि घेते. दर अमावास्येला पाणी ओतते, नाव घेते. पण यज्ञेश, माझी सत्तरी आली. माझ्यामागे कोण आहे?"



त्यांनी वर्ग काढला. मुलुंडच्या एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत, शनिवारी सकाळी, फुकट. अक्कादी भाषेची ओळख. चार जण आले. एक बँकेतून निवृत्त झालेले श्यामसुंदर म्हणून गृहस्थ, दोन कॉलेजातल्या मुली, आणि चौथा मी. निदान खुर्ची भरावी म्हणून ताईंनीच बोलावलं होतं.

मला वाटलं होतं त्या लिपीपासून सुरुवात करतील. त्यांनी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. "आधी कान आणि जीभ," त्या म्हणाल्या. "माझ्यामागून म्हणा. बेल्तानी."

"बेल्तानी," तिघांनी म्हटलं.

"याचा अर्थ काय, मॅडम?" एका मुलीने विचारलं.

"नाव आहे. एका बाईचं. पुन्हा म्हणा."

त्यांनी पुन्हा म्हटलं. खिदळत, मजेत, नवीन शब्द तोंडात घोळवतात तसं. मी ओठ मिटून बसलो होतो. आपण कुणाचं नाव घेतोय हे ठाऊक नसलेल्या त्या पोरींना उठवून बाहेर न्यावं असं फार वाटलं. ताई थांबल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. दटावत नव्हत्या. वाट बघत होत्या. घरी रेवतीने आज पहिल्यांदा एकटीने पोहे करायला घेतले होते, आणि मी निघताना दारापर्यंत सोडायला आली होती.

मग मीही म्हटलं. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं.