एका अंगाने झोपलेलं गाढव

आमच्या घरात मास्तरांना सगळे मास्तरच म्हणतात. लग्नानंतर सुरुवातीला मी 'अहो' म्हणून पाहिलं. पण कापडाच्या थरांत डोकं खुपसून बसलेल्या माणसाला 'अहो' ऐकू जात नाही, 'मास्तर' ऐकू जातं. ते कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर होते. त्यांनी बेतलेल्या शर्टाच्या बाह्या कधी परत आल्या नाहीत, असं ते स्वतः सांगतात, आणि ते खोडून काढायला आता त्या कारखान्यातलं कोणी उरलेलं नाही.

आमची लेक त्यांच्या घरातल्या कटिंगच्या टेबलाखाली वाढली. वरून कात्रणं पडायची आणि खाली ती त्यांच्या बाहुल्या करायची. बाहुली म्हणजे काय, तर एक चिंधी, तिला मध्ये दोरा आवळला की वर डोकं आणि खाली घेर. कोणी शिकवलं नाही, कोणी कौतुकही केलं नाही. संध्याकाळी मी सगळं केराबरोबर झाडून टाकायची आणि दुसऱ्या दिवशी नवी वस्ती उभी राहायची. त्या काळी याला खेळणं म्हणत. आता याला उपक्रम म्हणतात आणि त्याच्या सूचना फोनवर येतात.

त्या सूचना लेकीनेच पाठवल्या होत्या. ती पूल बांधणाऱ्या कंपनीत आहे आणि तिला लांबच्या एका पुलावर वर्षभराचं काम आलं होतं. जावई जहाजावर; तो घरी असतो तेव्हा पाहुणा आणि नसतो तेव्हा फोटो. प्रश्न होता नातीचा. तिचं नाव काही का असेना, आम्ही तिला भुंगा म्हणतो, कारण ती हातात काम असलं की तोंडाने सतत काहीतरी गुणगुणत असते. वर्षभर भुंगा राहणार कुठे? एक तर आमच्याकडे, नाही तर तिच्या आत्याकडे. आत्याचं घर मोठं, स्वच्छ. तिथे खेळणी काचेच्या कपाटात असतात आणि कपाटाला किल्ली असते. भुंगाने आपला कौल आधीच देऊन टाकला होता. सुट्टीला आमच्याकडे आली तेव्हाच ती शाळेचं दप्तरही बरोबर घेऊन आली होती.

लेकीचा जीव अडकला होता एकाच ठिकाणी. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. माझे गुडघे मला दाराबाहेर जाऊ देत नाहीत. म्हणजे रस्ता ओलांडून भुंगाला शाळेत सोडणार मास्तर. आणि मागच्या खेपेला मास्तरांनी लेकीसाठी चहा ओतला तो कपाच्या शेजारी. बशीतही नाही, थेट टेबलावर. ओतून झाल्यावर "घे, गरम आहे तोवर," असं म्हणालेसुद्धा.

लेक त्यानंतर फोनवर रोज एकच गोष्ट विचारायची, बाबांनी डोळे दाखवले का. मास्तर फोन हातात घेऊन सांगायचे की त्यांची नजर घारीसारखी आहे, टेबलच उतरतं आहे. मी काही बोलत नसे. मला माहीत होतं की ते मिठाची बरणी वासाने ओळखतात आणि वर्तमानपत्र केवळ सवयीने उघडतात. पण मलाही भुंगा हवी होती. आमच्या दोघांत मिळून एक धड माणूस होता: डोळे माझे, पाय त्यांचे. एवढ्यावर आमचं छान चाललं होतं. फक्त आम्हाला एकत्र रस्ता ओलांडता येत नव्हता, इतकंच.

शेवटी एके दिवशी मास्तर लेकीला म्हणाले, "तू येशील तेव्हा तुझ्या पोरीसाठी मी माझ्या हातानं बेतलेलं, माझ्या हातानं शिवलेलं खेळणं तुझ्यासमोर ठेवतो. मग बोल डोळ्यांबद्दल."

लेकीने ते मान्य केलं. आजोबा आणि नात मिळून काही करणार म्हटल्यावर तिने उत्साहाने त्या सूचनाही पाठवल्या. चष्मा सापडत नाही म्हणून मास्तरांनी त्या मला वाचायला लावल्या. मुलाला विषय निवडू द्या. मुलाचं मत विचारा. मुलाला चुका करू द्या.

इथे त्यांनी मला थांबवलं. "चुका करू द्या? कापड काय त्या लिहिणाऱ्याच्या घरून येणार आहे?"

विषय मात्र त्यांनी भुंगाला निवडू दिला. ती म्हणाली, गाढव. मास्तरांना घोडा चालला असता. घोड्याला रेषा आहे, ऐट आहे, असं त्यांनी तिला बराच वेळ समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की गाढवाचे कान केवढे ठेवायचे.

कापड मी दिलं. लेकीचा लहानपणचा एक फ्रॉक मी इतकी वर्षं ट्रंकेत जपून ठेवला होता. निळ्या जमिनीवर बारीक पिवळी फुलं. तो तिने इतका वापरला होता की त्याला शिवण तेवढी उरली होती. कापड म्हणावं असं घेराच्या दोन तुकड्यांपुरतंच. मागून आणखी काढायला काही नव्हतं. मी तो मास्तरांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी तो बोटांनी चाचपला आणि म्हणाले, "हा मीच बेतला होता." ते मात्र खरं होतं.

एका कागदावर त्यांनी गाढव काढलं, बाजूने दिसतं तसं. हात एकदाही अडखळला नाही. पाठ, पोट, चार पायांऐवजी दोन, कारण दोन दुसऱ्या बाजूला असतात. मग खडूने ते एका तुकड्यावर उतरवलं आणि कापलं. ती कातर ते मलाही लावू देत नाहीत. भुंगाला त्यांनी फक्त तिचा आवाज ऐकू दिला.

शिवणकाम न करणाऱ्यांसाठी सांगते. गाढवाला दोन बाजू असतात, एक डावीकडे बघणारी, एक उजवीकडे. म्हणून पहिली बाजू कापली की कागद उलटा करायचा आणि मग दुसरी कापायची. मास्तरांनी कागद उलटा केला. त्यांचे हात ते झोपेतही करतील. पण दुसरा तुकडा टेबलावर पालथा पडला होता, फुलं खाली आणि फिकट पाठ वर, आणि ते कळायला हात पुरत नाहीत.

भुंगा म्हणाली, "आजोबा, हे कापड पालथं आहे."

मास्तर म्हणाले, "मी कापड बेतत होतो तेव्हा तुझी आईसुद्धा जन्मली नव्हती."

भुंगाने माझ्याकडे पाहिलं. मी ताटलीतल्या शेंगा सोलत होते. माझं लक्ष जाईपर्यंत कातर फिरली होती.

तुकडे एकमेकांवर ठेवल्यावर व्हायचं ते झालं. दोन्ही गाढवं एकाच दिशेला तोंड करून उभी. जुळवायची तर एका बाजूला फुलं आणि दुसऱ्या बाजूला फुलांची नुसती सावली, धुवून धुवून गेलेल्या डागासारखी. भुंगाने हे आजोबांना सांगितलं. टोमणा मारून नाही. पाऊस पडतोय असं सांगावं तसं. मास्तर दोन्ही तुकडे घेऊन खिडकीशी गेले. कापड नाकाजवळ धरलं, लांब धरलं, पुन्हा नाकाजवळ आणलं. मग कातर मिटून ती तिच्या पिशवीत ठेवली. ती पिशवी बांधताना मी त्यांना एकदाच पाहिलं होतं, कारखान्यातल्या शेवटच्या दिवशी.

मी विचारलं, दुसरं एखादं कापड काढू का. ते पिशवीची गाठ आवळत राहिले. लेकीचं येणं चार दिवसांवर आलं होतं.

भुंगा तुकडे चाळवत गुणगुणत होती. मग म्हणाली, "या बाजूनं तो झोपलाय. झोपल्यावर फुलं दिसत नाहीत."

मास्तरांनी पिशवीची गाठ सोडली.

"मी तेच म्हणणार होतो," मास्तर म्हणाले.

त्यानंतर काम झपाट्याने झालं. कडा आत दुमडून वरून टाके घालायचे होते. मास्तरांनी कानापासून पाठीवरून शेपटीपर्यंतची बाजू घेतली, भुंगाला पोट आणि पाय दिले. तिच्या सुया मी ओवत होते आणि त्यांच्या सुया ती. प्रत्येक वेळी सुई घेताना ते म्हणत, "शिकून घे, ओवायला शिकणं महत्त्वाचं." मग तिचे टाके तपासत. तपासत म्हणजे त्यावरून अंगठा फिरवत, आणि सांगत की ओळ सोडू नकोस, टाका टाक्याच्या मागे चालला पाहिजे, रांगेतल्या पोरांसारखा. भुंगा हो म्हणायची आणि तसं करायची. पहिल्या पायाशी तिची रांग विस्कटलेली होती, ती तिने उसवली आणि पुन्हा घातली. पोटाशी येईपर्यंत ती सरळ झाली होती. पाठीवर काय चाललं होतं त्याबद्दल मी माझं मत माझ्याजवळच ठेवलं.

पोटात जुन्या उशीतला कापूस गेला. जाग्या बाजूला फ्रॉकचंच एक बटण डोळा म्हणून लागलं. झोपलेल्या बाजूला भुंगाने काळ्या दोऱ्याने एक खाली वळलेली रेघ घातली. एवढ्याशा रेघेने ते गाढव असं काही शांत झोपलं की मला हेवा वाटला.

दरम्यान मास्तरांचं गाढवाबद्दलचं बोलणं दिवसागणिक सुधारत गेलं. पहिल्या दिवशी ते 'जमून गेलं' असं होतं. दुसऱ्या दिवशी ती 'कल्पना' झाली. लेक येण्याच्या सकाळी ते मला सांगत होते की दोन्ही बाजू सारख्या ठेवण्यात काय विशेष, ते कोणीही करेल.

लेक आली. पाणी प्यायली. मास्तरांनी गाढव तिच्यासमोर टेबलावर ठेवलं, फुलांची बाजू तिच्याकडे करून. तिने कापड ओळखलं आणि एका पिवळ्या फुलावर अंगठा ठेवला. मला वाटलं, सुटलो. मग तिने गाढव उचललं आणि फिरवलं.

मास्तरांनी आपलं भाषण सुरू केलं. दिवस, रात्र, जाग, झोप. लेक ऐकत होती आणि बोट शिवणीवरून फिरवत होती. ती टेबलाखाली वाढलेली पोर. कापडाची सुलट आणि उलट बाजू तिला अक्षरं यायच्या आधी येत होती. तिने बापाला मध्ये तोडलं नाही. भाषण संपल्यावर ती भुंगाकडे वळली.

"एक बाजू पालथी आहे हे पहिल्यांदा कुणाला दिसलं?"

मी भुंगाकडे बघून डोळे मोठे केले. पण ती बिचारी आमच्या घरात अजून नवी होती.

"मला," ती अभिमानाने म्हणाली. "कापायच्या आधीच दिसलं होतं. आजोबांना दिसत नाही ना."

"आणि बागेत जाताना रस्ता कसा ओलांडता?"

"मी 'आता' म्हणते. मग आजोबा माझा हात धरून मला पलीकडे नेतात."

लेक ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने गाढव खाली ठेवलं, झोपलेली बाजू वर करून, आणि बापाला म्हणाली, "बाबा, ती आत्याकडे जाईल. तुम्ही डोळ्यांचं करून घ्या. डॉक्टर हो म्हणाले की मी स्वतः तिला इथे आणून सोडेन."

मास्तर म्हणाले की गाढवाचं काम चांगलं झालं आहे की नाही एवढंच ठरलं होतं. लेक म्हणाली, गाढव फार सुंदर झालं आहे. आणि मग तिने डोळे पुसले, म्हणून भांडताही येईना.

भुंगाने दप्तर भरलं. गाढव मात्र तिने नेलं नाही. आत्याकडे ते कपाटात जाईल आणि तिथे त्याला धड झोपताही येणार नाही आणि जागताही, असं तिचं म्हणणं. जाताना तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "आजी, मी चुकीचं बोलले का?" मी म्हटलं, नाही गं, अगदी खरं बोललीस. तिचं काही समाधान झालं नाही.

ज्या माणसाला लेक इतके महिने डॉक्टरांकडे ढकलत होती, तो दुसऱ्या सकाळी माझ्या आधी अंघोळ करून दारात उभा होता. शेजारच्या शिंप्याच्या मुलाने त्यांना रिक्षात बसवलं. दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू, आणि चांगला पिकलेला. डॉक्टरांनी विचारलं म्हणे की इतके दिवस तुम्ही करत काय होतात. मास्तरांनी सांगितलं, गाढव.

शस्त्रक्रिया होऊन दुसऱ्या डोळ्यावरची पट्टीही निघाली तेव्हा ते घरभर हिंडले. भिंतीला रंग हवा म्हणाले. मला बराच वेळ पाहिलं आणि काही न बोलण्याइतके शहाणे निघाले. मग गाढव घेऊन खिडकीशी बसले. पोटाखालची शिवण पाहिली, एका ओळीत, टाक्यामागे टाका, आणि त्यांचा चेहरा खुलला. मग पाठ पाहिली. पाठीवरचे टाके कुठे लांब, कुठे एकावर एक चढलेले, कानामागे तर कापड सोडून हवेतच घातलेले.

"पोर अजून कच्ची आहे," ते म्हणाले. "पाठ बघ कशी शिवलीय. आली की उसवून पुन्हा करून घेतो."

मी चहा गाळत होते. गाळत राहिले.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी लेक भुंगाला घेऊन आली. दप्तर दारातच टाकून भुंगा गाढवाकडे धावली. मास्तरांनी ते उचलून तिच्यापुढे धरलं, पाठीवर बोट ठेवलं आणि मास्तरकीच्या आवाजात विचारलं, "हे वाकडे टाके कोणाचे?"

भुंगाने पाठीकडे पाहिलं. आजोबांच्या नव्या, स्वच्छ डोळ्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. या खेपेला मी डोळे मोठे केले नाहीत, काहीच केलं नाही.

"माझे," ती म्हणाली. "मला तेव्हा नीट येत नव्हतं."

मास्तर समाधानाने हसले आणि कातरीची पिशवी उघडायला गेले. लेक माझ्याकडे बघत होती. तिलाही टाक्यातलं कळतं. तिने दप्तर उचललं आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवलं. आमच्या घरात राहायला लागतं ते सगळं आता पोरीला येत होतं.