वगळलेल्या एकोणीस रात्री

ताऱ्याच्या प्रकाशातल्या काळ्या रेघा दर एकतीस दिवसांनी किंचित मागेपुढे सरकत. त्यावरून ताऱ्याचा डुलण्याचा वेग निघे, सेकंदाला दोन मीटर. माणूस घाईने चालतो तेवढा. एवढ्याशा डुलण्यावरून हॉलिस केम्पर यांनी अकरा वर्षांपूर्वी जाहीर केलं होतं, की त्या ताऱ्याभोवती एक ग्रह फिरतोय.

ग्रह नव्हता. गेले आठ महिने हे एकट्या नोरीन तफोयाला ठाऊक होतं. शोध लागला तेव्हा ती हॉलिसची विद्यार्थिनी होती. एकोणीस रात्रींच्या नोंदी तिनेच ‘ढगाळ’ म्हणून वगळल्या होत्या. त्यांतल्या सहा रात्री खरोखर ढगाळ होत्या; उरलेल्या तेरा नुसत्या आलेखात बसत नव्हत्या. आठ महिन्यांपूर्वी तिने त्या परत घालून पाहिल्या, आणि ग्रह विरून गेला. राहिले ते ताऱ्यावरचे डाग, त्याच्याबरोबर एकतीस दिवसांत एक गिरकी घेणारे.

टूसॉन शहरातल्या हॉलिसच्या घरी भर दुपारीही पडदे ओढलेले असत. नाकात प्राणवायूची नळी, गळ्याची हाडं वर आलेली. डॉक्टरांनी थोडेच आठवडे सांगितले होते. ते गेल्यावरच खरं सांगू, असं ठरवून नोरीन ते आठवडे मोजत होती, आणि तिला स्वतःचीच किळस येत होती.

“आलीस? ही नर्स मला सूप पाजतेय. दुखण्याने नाही, त्यानेच जाईन.”

ती हसली नाही.

“तोंड का पाडलंयस? मरतोय मी, तू नव्हे! अवकाश दुर्बिणीचे साठ तास मिळालेत आपल्याला. पोरी, आपल्या ग्रहाची हवा बघणार आपण! निरीक्षणांच्या आराखड्यावर सही केलीस?”

“शुक्रवारपर्यंत मुदत आहे.”

“आज शुक्रवारच आहे. वार कळतात मला अजून.”

त्या साठ तासांपायी दुसऱ्या कुणाचा तरी खरा ग्रह रांगेत मागे पडला होता.

“मुलंबाळं नाहीत मला,” हॉलिस हळूच म्हणाले. “तो ग्रह तेवढाच काय तो मागे राहील.”

नोरीनने खुर्ची पुढे ओढली.

“त्या एकोणीस रात्री मी वगळल्या होत्या. तेरा रात्री आकाश स्वच्छ होतं, हॉलिस.”

प्राणवायूचं यंत्र घरघरत राहिलं. हॉलिसनी डोळे मिटले.

“मग?”

“ग्रह नाहीये. दुर्बिणीचे तास मी परत करतेय, आणि आपला शोधनिबंध आजच मागे घेतेय.”