विसाव्याचा धोंडा

कायद्याच्या चौथ्या वर्षाची सानवी काल माझ्या ऑफिसात इंटर्नशिपला आली. पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्याचा जबाब तिनं सुबक टाइप करून पुढ्यात ठेवला, आणि मला रत्नागिरी स्टँडमागच्या त्या दोन खोल्या आठवल्या.

दहा वर्षांपूर्वी मीही अशीच आले होते. वर्गातल्या मुली मुंबईच्या मोठ्या फर्ममध्ये गेल्या. मी लांज्याहून सकाळची एसटी धरून मृणालीताईंकडे यायचे. ताई हक्कांच्या केसेस घ्यायच्या, ज्या बाकीचे वकील घेत नसत. टेबलावर फायलींचा ढीग, खिडकीत वाळत घातलेली आमसुलं. त्या वासाशिवाय मला अजून कलमं आठवत नाहीत.

पहिलं काम चंपाआजीचं. बौद्धवाडीतली, आमच्यातलीच, ऐंशीच्या घरातली. वाडीतून सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावरून, स्मशानाकडे जाणारी पायवाट एका बागायतदारानं जांभ्या दगडाचा गडगा घालून अडवली होती. इथं वाट कधी नव्हतीच, असं त्याचं म्हणणं. वाडीकडे कागद नव्हता. आजीचं प्रतिज्ञापत्र तेवढा आधार.

"नवऱ्याचं नाव काय, आजी?"

"तसं कसं सांगू गो? रीत नाय." तिनं पदर सारखा केला, जरा लाजली, आणि उखाणा घेतला:

"नदीचा काळा धोंडा, सड्यावर केला विसावा,
भिकूरावांचा खांदा जन्मभर मला दिसावा."

मग म्हणाली, "हे त्याच वाटेनं गेले. मलापन तिथूनच न्या. टेम्पोत घालून डांबरी रस्त्यानं न्याल, तर उठून बसेन."

माझ्या 'हाय-नाय'ला कॉलेजात मुली हसल्या होत्या. तेव्हापासून मी पुस्तकातल्यासारखी बोलायचे, लिहायचे तर त्याहून. उखाण्यातलं नाव तेवढं उचललं आणि बाकीचं सोडून दिलं. 'पतीचे नाव : भिकू. सदर मार्गाचा वापर वाडीतील रहिवासी पूर्वापार करीत आले आहेत.' वाचताना मलाच माझा अभिमान वाटला.

अंगठा घेण्याआधी कागद वाचून दाखवायचा, ही ताईंची शिस्त. आजीनं शाई लावलेला अंगठा तसाच वर धरून ऐकलं.

"ह्या बाईला मी वळखत नाय," ती म्हणाली.

"कुठल्या बाईला?"

"ह्या कागदातल्या. माझा धोंडा कुटं गेला?"

"कुठला धोंडा, आजी?"

"उखाण्यात सांगितला तो. एवढी वकिलीण होतेस, कान काय लांज्याला ठेवून आलीस?"

ताई हसल्या नाहीत. त्यांनी माझा कागद पालथा घातला. "दर्शना, कोरा घे. आजी बोलते तसं लिही. उखाण्यासकट."

मग आजीनं सांगितलं. लग्नाच्या साली भिकूरावांनी नदीतला काळा धोंडा खांद्यावर वाहून सडा चढवला आणि वाटेवरच्या जांभळाखाली ठेवला. मयत नेताना तिथं टेकवायची, खांदे बदलायचे. "इधी-बिधी काय नाय गो. नुसता दम घ्यायला."

स्थळपाहणीला तहसीलदार आले. जांभूळ तोडलेलं होतं, बुंधाही खणून काढलेला.

"कुठाय धोंडा?" बागायतदार म्हणाला. "उखाण्यात वाटेल ते घालतात हो बायका."

आजी काठी टेकत गडग्याच्या कडेकडेनं चालत राहिली. एका जागी थांबली आणि तिनं काठी दगडाला टेकवली. सगळ्या तांबड्या गडग्यात तो एकच काळा, नदीनं गुळगुळीत केलेला. रचणाऱ्या गड्यांनी हाताला आला तसा बसवून टाकला होता.

"हे बगा," आजी धोंड्याला हळूच म्हणाली, "तुमाला भिंतीत घातलानी व्हय."

तहसीलदारांनी चष्मा काढून पुसला आणि पंचनाम्यात धोंडा लिहून घेतला. पावसाळ्यानंतर त्यांच्या आदेशानं गडगा वाटेपुरता फोडला, वाट मोकळी झाली. धोंडा वाडीनं पुन्हा जागेवर ठेवला.

चार वर्षांनी आजी गेली. मी कोर्टातून तशीच गेले. सड्यावर वारा होता, गवत पिवळं पडलेलं. धोंड्यापाशी तिला टेकवली. सगळे उभे राहून दम घेत होते. तिचा नातू प्रज्ञेश माझ्याकडे वळला. "ताई, इथनं पुढं एक खांदा तुम्ही द्या."

दिला. वजन काहीच नव्हतं.

सानवीचा कागद मी परत तिच्या हातात दिला. "चुकलंय काही?" तिनं विचारलं.

"नाही. ते आजोबा गेले का?"

"बाहेर बाकावर आहेत."

"मग दोन चहा सांग," म्हटलं, "आणि कोरा कागद घेऊन त्यांच्याजवळ बस."