दोष गादीचा

वहिनीच्या गादीच्या दुकानात कुणी पाठ धरून आलं, की तिचा निवाडा ठरलेला. दाभणात दोरा ओवता ओवता, मान वर न करता ती म्हणायची, "गादी बदला." डॉक्टर, औषधं, मालिश हे सगळं तिच्या मते नसते उपद्व्याप. त्यामुळे तिची स्वतःची पाठ धरली, तेव्हा दुसरं काही तिला सुचलंच नाही.

पण ही गादी नवऱ्याने लग्नाच्या वर्षी स्वतः भरलेली होती, दोघांपुरती. तो गेल्यावरही त्याच्या बाजूला त्याच्या अंगाचा खळगा तसाच राहिला होता. खांदा, कंबर, पाय दुमडून झोपायची खोड, सगळं तिथे होतं. त्या खळग्यात हात ठेवल्याशिवाय वहिनीचा डोळा लागत नसे. काही दिवस तिने पाठीशी हुज्जत घातली. शेवटी मोजे घालायलाही वाकता येईना, तेव्हा मन घट्ट करून ती नणंदेला म्हणाली, "उसव ती गादी. सगळा कापूस नव्याने पिंजून भर. मला काही ते बघवणार नाही."

बघायला लागू नये, म्हणूनच ती दवाखान्यात गेली.

फिजिओथेरपी करणारी मुलगी तिच्या लेकीच्या वयाची होती. वहिनीने आधी टेबलावरची गादी बोटाने दाबून पाहिली. फोम, आणि तोही हलका. तिने नाक मुरडलं.

"काकू, मध्ये कधी पडला होतात का?"

"छे."

टेबलाला तोंडाच्या जागी भोक होतं. पालथं झाल्यावर त्यातून नुसती फरशी दिसत होती. मुलीचे अंगठे मणक्याच्या कडेने हळूहळू उतरत होते, आणि फरशीवर पंख्याची सावली फिरत होती, गोल, गोल. बघता बघता त्या सावलीला आरे फुटले आणि वहिनी सायकलवर होती.

नवऱ्याची सायकल. तो होता तेव्हा शिकायची राहूनच गेली, म्हणून ती पहाटे, कुणी उठायच्या आत, नदीकाठच्या रस्त्यावर ती चालवायला लागली होती. उतारावर पाय अधांतरी, हँडल स्वतःच्या मर्जीचं. मग झाडं आडवी झाली. ती अगदी सावकाश पडली होती, निदान आता तरी तसंच वाटत होतं. गवतात उताणं पडून तिने आभाळाकडे पाहिलं होतं, आणि तो गेल्यापासून पहिल्यांदाच तिला बरं वाटलं होतं. कुठे दुखलं नव्हतं. या वयात हे काय थेर, असं सगळे म्हणतील म्हणून तिने तोंडातून ब्र काढला नाही. पुढे तीही विसरून गेली.

"पडले होते गं," ती भोकातून म्हणाली. "पण त्याला बरेच दिवस झाले."

"होतं असं. काही वेळा मार उशिरा कळतो. हाडाला काही झालेलं दिसत नाही, स्नायू धरलेत. व्यायाम दाखवते."

"म्हणजे दोष गादीचा नाही?"

"कुठल्या गादीचा, काकू?"

व्यायाम कसेबसे शिकून वहिनी घराकडे निघाली. पाठीत कळ येत होती, तरी पाय थांबले नाहीत. दार उघडलं तर खोलीभर कापूस तरंगत होता. 

"उसवलीस?"

नणंदेच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या. "तुझी बाजू पिंजून भरली. दादाच्या बाजूला माझा हातच गेला नाही. रागावू नकोस, वहिनी."

वहिनी मटकन खाली बसली आणि पोटभर रडली. मग तिने सायकलचं सगळं सांगून टाकलं. नणंद आधी वैतागली, मग हसायलाच लागली.

"दादा कुणाला हँडलला हात लावू देत नसे."

"म्हणून तर," वहिनी म्हणाली.

दुपारी ती जरा आडवी झाली. नव्याने भरलेली तिची बाजू चांगली टम्म फुगली होती. अंग टेकताच तिचा तोल गेला आणि ती सावकाश घरंगळत त्याच्या खळग्यात जाऊन पडली. कुठे लागलं नाही. उठायची तिला काही घाई नव्हती.